माझ्या नक्षीचं लायसन्स भलत्याच्या नावावर

तीन आठवडे खपून काढलेली वेलीची नक्षी एका ऑनलाइन बाजारात उशीच्या अभ्र्यावर छापलेली दिसली. आधी वाटलं, सारखी असेल. मोठी करून पाहिली. डावीकडच्या तिसऱ्या पानाची शीर मी काठापर्यंत नेली नव्हती, मध्येच सोडली होती. तिथेही ती तशीच सुटलेली. हात थरथरायला लागले.

विक्रेत्याला लिहिलं, तर त्याने उलट लायसन्सची पावतीच पाठवली. दुसऱ्या एका साइटवरून त्याने व्यावसायिक वापराचे हक्क रीतसर पैसे मोजून घेतले होते. कलाकार म्हणून नाव भलत्याचंच. म्हणजे हा बिचाराही फसलेला. पण ज्याच्याकडे मुळात हक्क नाही तो ते दुसऱ्याला देणार कुठून? अभ्र्याचं नंतर बघू, आधी मूळ गाठायचं ठरवलं.

तक्रारीआधी पुरावे गोळा केले. प्रत्येक पानाचा पत्ता आणि तारखेसह स्क्रीनशॉट घेतले, कारण सुगावा लागला की पानं गायब होतात. शिवाय पेन्सिलीची कच्ची चित्रं आणि सगळे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, शाबूत असलेली मूळ फाइल. चोराकडे फक्त सपाट चित्र असतं, लेयर नसतात. कॉपीराइटची नोंदणी मी केलेली नव्हती, याची धास्ती होती. पण कॉपीराइटच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत हक्क नोंदणीवर अडून राहत नाही, चित्र काढलं की तो आपला होतो.

लायसन्स विकणारी साइट अमेरिकेतली, त्यामुळे तिथल्या 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली चित्र काढून टाकण्याची नोटीस दिली. पहिली परत आली. मी त्या भलत्याच्या अख्ख्या दुकानाची लिंक दिली होती, त्यांना प्रत्येक डिझाइनची वेगळी हवी होती. नोटिशीत तक्रारीचा अधिकार आपल्याला आहे असं लिहून सही करावी लागते. ते खोटं ठरलं तर खोट्या साक्षीचा गुन्हा. खरं असूनही सही करताना छातीत धडधडलं.

दुसऱ्या नोटिशीनंतर नक्षी उतरली. पण समोरच्याने ‘चित्र चुकून काढलं’ अशी प्रतिनोटीस दिली, तर मला कोर्टात जावं लागणार होतं. नाहीतर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत चित्र परत झळकलं असतं. ती आली नाही. अभ्रेवाल्यानेही माल काढला आणि पुढच्या छपाईसाठी माझ्याकडून लायसन्स घेतलं.

काही दिवसांनी इमेज सर्च केला. नवं खातं, नवं नाव, नक्षी आरशासारखी उलटवलेली. अर्धवट सुटलेली शीर आता उजवीकडच्या तिसऱ्या पानावर होती. मी स्क्रीनशॉट घेतला आणि नवी नोटीस लिहायला बसले.