आजोबांची आत्या सापडली ती एका चुकीमुळे

आमच्या कुलवृत्तांतात आजोबांच्या आत्याबद्दल एवढेच लिहिले आहे की कन्या द्वारका, बडोद्यास दिली. पुढे सासरचे आडनाव, आणि संपले. तिच्या वंशजांचा शोध घ्यायचा म्हणून मी आंतरजालावरील वंशवृक्ष धुंडाळू लागलो.

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर सगळ्यांचे मिळून एकच झाड असते आणि दिवंगत व्यक्तीची नोंद कोणालाही दुरुस्त करता येते, तर मायहेरिटेजवर प्रत्येक घराचे झाड निराळे असते. मी दोन्ही पाहिली. ‘द्वारका’ कुठेच मिळेना, आणि मिळणार तरी कशी? लग्नात आडनावाबरोबर नावही बदलण्याची आपल्याकडची रीत मी विसरलो होतो. मग शोध तिच्या सासरच्या आडनावावरून सुरू केला. लक्ष्मण हे नाव रोमन लिपीत कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, कोणी ‘केएसएच’ घालून, त्यामुळे प्रत्येक नाव दोन-तीन प्रकारे टाकून पाहावे लागले.

अखेर एका तिसऱ्याच संकेतस्थळावर बडोद्याचे एक लक्ष्मणराव दिसले. पत्नी राधाबाई, माहेर रिकामे, जन्म १८१२. मुलाचा जन्म मात्र १९१३ चा, म्हणजे त्या वेळी आईचे वय १०१! ही नोंद मी हसून सोडून दिली. दोन दिवसांनी खापरपणजोबांच्या वहीतील मुलांची जन्मटिपणे चाळत होतो, तेव्हा द्वारकेच्या नावापुढे ‘शके १८१२, माघ’ असे मोडीत लिहिलेले दिसले आणि डोक्यात प्रकाश पडला. कोणीतरी शकाचा आकडा इसवी सन समजून भरला होता. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माघ १ जानेवारीनंतर येत असल्याने येथे ७९ मिळवायचे. म्हणजे १८९१, आणि आईचे वय बावीस.

हयात व्यक्तींची नावे तेथे झाकलेली असल्यामुळे नोंद सांभाळणाऱ्याला त्याच संकेतस्थळावरून निरोप पाठवला आणि वहीच्या पानाचे छायाचित्र जोडले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. ते गृहस्थ राधाबाईंचे पणतू निघाले. त्यांनी साल दुरुस्त केले, दोन्ही झाडे जोडण्याची माझी विनंतीही मान्य केली आणि शेवटी विचारले, “वहीत हे द्वारका कोणाचे नाव आहे?”