छोटं रण, तिसरी फेरी: हौबारा अजून बाकीच

कच्छच्या छोट्या रणातली ही माझी तिसरी फेरी, आणि माझ्या पक्षी-यादीत हौबारा या माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यापुढची चौकट अजून कोरीच. भोवत्या (हॅरिअर) या शिकारी पक्ष्यांच्या ओळखीत मात्र या वेळी गाडी थोडी पुढे सरकली, म्हणून ही नोंद.

जानेवारीची थंडी, उघडी जीप. सूर्य वर यायच्या आत बजाणाच्या बाजूने आत शिरलो. पहिले भेटले ते अर्थातच घुडखर, म्हणजे रानगाढवं, अकरा जणांचा कळप. आता ते इतक्या सहज दिसतात की कॅमेरा उचलायचाही कंटाळा येतो. पण सर्रा रोगाच्या साथीनंतर १९६९च्या मोजणीत ते जेमतेम ३६२ उरले होते. २०२४च्या गणनेत ७,६७२. पुढच्या बेटावर, म्हणजे रणातल्या उंचवट्यावर, बिळाच्या तोंडाशी कोल्हा ऊन खात बसलेला. शेपटीचं टोक पांढरं, म्हणजे वाळवंटी कोल्हा. खोकडाचं काळं असतं.

नऊच्या सुमारास माझा पोपट झाला. लांब सपाटीवर उंच मानेचा, मातकट रंगाचा पक्षी उभा! मी जवळजवळ ओरडलोच. जीपवाले काका दुर्बीण न लावताच म्हणाले, "टिलोर नथी, साहेब." टिलोर म्हणजे हौबाराच. जवळ गेलो तर धाविक हा छोटा पक्षी. मूठभर जीव, पण तापलेल्या जमिनीवरच्या हवेने त्याला ताणून दुप्पट केलं होतं. रणात एकदा ऊन चढलं की लांबचा पक्षी ओळखायच्या फंदात पडू नये. स्कोपचं मोठेपण तिथे उलट बाधतं, लहरीसुद्धा तेवढ्याच मोठ्या होतात.

मग दुपार नवा तलावावर काढली. रोहित मोजायला घेतले, हजाराच्या पुढे सोडून दिले. चोची पाहायला विसरू नका: धाकट्या रोहिताची गडद लाल, थोरल्या रोहिताची गुलाबी आणि टोकाला काळी. वाटेत अगरियांचे, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांचे, पाटे लागले. जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यात सोडायचं आणि महिनोन् महिने दाताळ्याने ओढत राहायचं. एका झोपडीसमोर सोलर पंप होता, बाजूला जुनं डिझेल इंजिन पडलेलं.

चारनंतर गवताळ बेटाच्या कडेला जीप बंद करून बसलो. भोवत्यांचे नर सोपे असतात, डोकं खातात त्या तपकिरी माद्या आणि पिल्लं. माँटेग्यू आणि पॅलिड या दोन्ही जातींत त्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, त्यामुळे मी आजवर 'माँटेग्यू किंवा पॅलिड' असं लिहून मोकळा व्हायचो. या वेळी फक्त मान बघायची असं ठरवलं. सहावा पक्षी जीपसमोरून तिरका गेला: पोट स्वच्छ नारिंगी, एकही रेघ नाही, मानेभोवती रुंद फिकट कंठा आणि त्यामागे गडद पट्टा. पॅलिडचं पिल्लू. पहिल्यांदाच प्रश्नचिन्हाशिवाय लिहिलं. एका मादीच्या पंखाखालची मागची पिसं गडद वाटली, तीही पॅलिडच असावी. पण 'असावी' आलं की मी लिहीत नाही. बाकी चार तशीच सोडली. त्याच गवतातून एक शॉर्ट-इअर्ड आऊल हे घुबड उठलं आणि वीस पावलांवर परत बसलं. ते जमिनीवरच झोपतं, म्हणून गवतात पायी घुसू नका.

परतताना काकांनी मध्येच ब्रेक मारला. मिठाच्या पापुद्र्यावर तिरप्या उन्हात ठसे उठून दिसत होते. तीन बोटं पुढे, मागचं बोट नाही. धाविकाच्या मानाने फारच मोठे, करकोच्याच्या मानाने लहान. तणमोर-माळढोकाच्या कुळात मागचं बोट नसतं, हे मला माहीत होतं. पण ते करवानकालाही नसतं, हेही माहीत होतं. काका बोटाने दाखवत म्हणाले, "टिलोर." सकाळी त्यांचंच बरोबर निघालं होतं. ठशांच्या मागे पंचवीसेक पावलं गेलो, पुढे जमीन टणक झाली आणि माग संपला.

वहीत लिहिलं: 'ठसे, तीन बोटं, फोटो आहे.' चौकट कोरीच ठेवली. फोटोत मापासाठी शेजारी काही ठेवायला मात्र विसरलो.