पंचवीस मिनिटांचा धडा ३४ एमबीत बसवताना

जून २०२० मध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले तेव्हा शाळेच्या इमारतीला कुलूप होते आणि माझे दहावीचे विद्यार्थी धडगाव तालुक्यातील आपापल्या पाड्यांवर होते. टेकडीवर चढून गेल्याशिवाय बहुतेकांच्या मोबाइलला रेंज येत नसे, आणि आली तरी ती बेताचीच असे. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणावर मी पंचवीस मिनिटांचा धडा फोनवर १०८० पी या मोठ्या, बारकावे दाखवणाऱ्या चित्र-आकारात चित्रित केला. फाइल तीन जीबीहून मोठी झाली. तुकडे करून ती मेसेजिंग ॲपवरून पाठवली, तेव्हा ॲपने स्वतःच ते तुकडे इतके दाबले, की फळ्यावरचे अक्षर धूसर झाले. एका विद्यार्थिनीने फोन करून विचारले, “सर, दुसऱ्या ओळीत अधिक आहे की वजा?” समीकरण शिकवताना चिन्हच दिसणार नसेल, तर तो धडा पाठवण्यात काहीच अर्थ नव्हता.

मी हँडब्रेक हा व्हिडिओ लहान करणारा मोफत प्रोग्राम उतरवला आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रासाठी खर्च होणारा डेटा, सेकंदाला १५० किलोबिटवर आणला. चित्र मात्र आणखी बिघडले. हात हलला की सगळीकडे चौकोन उमटत. याचे कारण कळायला मला काही दिवस लागले. १०८० पी च्या एका फ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या एका स्थिर चित्रात, सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि ४८० पी मध्ये सुमारे ४.१ लाख. तेवढेच बिट पाचपट पिक्सेलांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडे येतात आणि एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणारा भाग, बारकावे टाकून देतो. चित्र लहान केल्यावर, आणि सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेम ठेवल्यावर, तोच बिटरेट पुरू लागला. फळ्यावर लिहिणाऱ्या हातासाठी १५ फ्रेम पुरेशा होतात.

तरीही फळा स्थिर असताना त्यावर मुंग्यांसारखे ठिपके वळवळताना दिसत, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच होती. एच.२६४ या मी वापरत असलेल्या, व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत एन्कोडर प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही. आधीच्या फ्रेममधले जे जसेच्या तसे राहिले, त्याचा फक्त संदर्भ देतो आणि बदललेल्या भागावर बिट खर्च करतो. मी रात्री एका बल्बच्या उजेडात चित्रण करत होतो. कमी उजेडात कॅमेऱ्याच्या सेन्सरमधून जे कण उमटतात ते दर फ्रेमला वेगळे असतात, त्यामुळे एन्कोडरच्या दृष्टीने न हललेला फळाही सतत बदलत राहतो. त्यात पंख्याची सावली फळ्यावरून फिरत होती आणि फोन मधूनमधून फोकस शोधत होता. म्हणजे अक्षरांच्या वाट्याचे बिट या नको असलेल्या हालचालीवर खर्ची पडत होते.

म्हणून मी सेटिंग सोडून आधी चित्रण सुधारले. सकाळी खिडकीपाशी टेबल ओढले, पंखा बंद केला, फोन स्टँडवर घट्ट बसवला, फोकस आणि प्रकाशमात्रा लॉक केली. फळ्याऐवजी पांढरा कागद आणि जाड काळे स्केचपेन घेतले. माझा चेहरा चौकटीतून काढून टाकला, कारण मुलांना तो वाचायचा नव्हता. जो थोडा कणीदारपणा उरला, तो हलक्या डीनॉइज (कण पुसणाऱ्या) फिल्टरने गेला. फिल्टर जोरात लावला तर मात्र पेन्सिलच्या बारीक रेषाही पुसल्या जातात. या एका सकाळच्या बदलाने जो फरक पडला, तो आठवडाभर आकडे फिरवूनही पडला नव्हता.

मग एन्कोडरचा वेग ठरवणारा प्रीसेट ‘व्हेरी स्लो’वर ठेवला. त्यात एन्कोडर फ्रेममधली साम्ये अधिक कसून शोधतो आणि त्याच बिटरेटमध्ये चांगले चित्र देतो. माझ्या जुन्या लॅपटॉपला त्यासाठी बराच वेळ लागे, पण तो वेळ माझा होता आणि वाचणारा डेटा मुलांचा. आवाजाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. १२८ किलोबिटने पंचवीस मिनिटांचा नुसता आवाज २४ एमबी होतो, जवळजवळ चित्राएवढा. तो मोनो करून ३२ किलोबिटवर आणला, तेव्हा ६ एमबीत बसला आणि बोलणे स्पष्टच राहिले. चित्राचे २८ धरून सगळा धडा ३४ एमबी झाला. एच.२६५ या त्यापुढच्या पद्धतीत तो आणखी लहान झाला असता. पण मुलांच्या घरच्या जुन्या फोनवर ती फाइल अडखळत चाले, म्हणून मी एच.२६४ वरच थांबलो.

शेवटी दोन गोष्टी राहिल्या होत्या. जागा वाचवण्यासाठी मी कीफ्रेममधले, म्हणजे संदर्भाशिवाय पूर्ण साठवलेल्या फ्रेममधले, अंतर ४० सेकंदांवर नेले होते, पण त्यामुळे मागची पायरी पुन्हा पाहायला गेले की व्हिडिओ भलतीकडेच उडी मारी. ते १० सेकंदांवर आणले. दुसरी अशी, की एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिलेली असेल, तर काही फोनवर सगळी फाइल उतरेपर्यंत चित्रच सुरू होत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्राममधील ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय ती अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला आणतो, आणि त्यासाठी पुन्हा एन्कोड करावे लागत नाही. आधी तयार झालेले धडेही मी एका संध्याकाळी तसे करून घेतले. भूमितीच्या आकृत्या मात्र पुन्हा काढाव्या लागल्या. एच.२६४ पद्धतीत सहसा रंगाची माहिती उजेडाच्या मानाने एक चतुर्थांशच साठवली जाते, त्यामुळे लाल आणि निळ्या बारीक रेषा एकमेकींत मिसळत होत्या. त्या सगळ्या मी काळ्या शाईने, एक अखंड आणि एक तुटक, अशा काढल्या.