घोडे गाडीत घालून सेमिनरी हिल्सला: खर्च कुठं वाचला, कुठं नाही

घोड्यांसाठी डॉक्टर घरी बोलावला की व्हिजिट चार्ज वेगळा, औषध वेगळं, आणि आपण पडलो काटोल रोडला गावाबाहेर, त्यामुळं येण्या-जाण्याचं पेट्रोलही आपल्याच माथी. एवढं करून एक्स-रे पाहिजे म्हटलं की "कॉलेजला घेऊन या" (म्हणजे नागपूरचं सेमिनरी हिल्सवरचं जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज) हेच ऐकायचं. मग लगीनसराईच्या आधी म्हटलं एकदाच नेऊ. शेजारच्या काकांचे दोन घोडे, आमचे दोन, आयशर (ट्रक) ठरवली. जाऊन-येऊन अन् तिथं थांबण्यासकट ४,००० रुपये, दोन घरांत अर्धे-अर्धे.

आमची घोडी वरातीची, मागच्या डाव्या पायानं लंगडत होती. आमच्या घोड्याचं वेगळंच, कुटार (भुसा) चावायचा अन् अर्धवट चावलेले ओले गोळे गव्हाणीत टाकायचा. गव्हाणीत असे गोळे दिसले की जंताचं औषध पाजत बसू नका, आधी दात दाखवा. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि कडेला धार येऊन गालाला लागते, दुखतं म्हणून तो चावत नाही.

चढवायचं काम सगळ्यात बेकार राजे हो. आयशरचा डाला (मागचा भाग) उंच, घोडी उडी मारायला तयार नाही. चाचांनी (आमचे साईस, घोडे सांभाळणारे) गाडीची मागची चाकं उतारात घेऊन डाला बरोबर धुऱ्याला (शेताच्या बांधाला) टेकवला, मध्ये जाड फळ्या अन् वर पोतं. आधी काकांचा म्हातारा शांत घोडा चढवला, तो आत उभा दिसल्यावर बाकीचे मागोमाग गेले. चाबूक अजिबात नाही, नुसता चण्याचा डबा वाजवायचा. आणि घरच्या घरी गुंगीचं इंजेक्शन देऊन चढवायचं डोक्यातही आणू नका, गुंगीतल्या घोड्याला चालत्या गाडीत तोल सांभाळता येत नाही.

जनावरं वाहून न्यायचे १९७८ चे नियम आहेत, त्यात घोड्यांसाठी लिहिलेलं वाचाच. एका गाडीत चार ते सहाच्या वर नाही, दोन घोड्यांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, खाली पाय घसरू नये अशी सोय, तोंडं डावीकडं म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकला बिचकत नाहीत, सोबत एक माणूस, आणि स्पीड ३५ च्या वर नाही. ड्रायव्हरला हे निघायच्या आधीच सांगा, नाहीतर रोड मोकळा दिसला की तो संत्र्याची पेटी नेल्यासारखा हाणतो. आम्ही तळाला वाळू टाकून वर पोती अंथरली. मोरखीचा (तोंडाला बांधतो ती) दोर इतका आखूड बांधू नका की मान खाली करता येणार नाही, मान सतत वर राहिली की नाकातली घाण छातीत उतरते अन् निमोनियाची भानगड होते.

तांबडं फुटायच्या आधी निघालो, कारण नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. काटोल नाक्यापर्यंत आरामात, पुढं गिट्टीखदानकडं शाळेच्या बसेस सुरू व्हायच्या आत पोचलं की बरं. हे कॉलेज १९५८ चं, चाचा म्हणतात त्यांच्या अब्बांचा टांग्याचा घोडाही इथंच यायचा.

पोचल्या पोचल्या तपासायला उभं करू नका. प्रवासानं नाडी चढलेली असते, निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते, म्हणून सावलीत उभं करून आधी पाणी पाजा. पाण्याची बादली घरची न्या, दुसऱ्यांच्या घोड्यासोबत एका हौदात तोंड घालू देऊ नका, ग्लँडर्ससारखा आजार असाच पसरतो आणि तो माणसालाही होतो.

आता कामाची गोष्ट. दाताचं काम गुंगी देऊन करतात, म्हणून तो नंबर पहिला लावा. आमच्या घोड्याचं पहिलंच झालं, त्यामुळं घोडीचा एक्स-रे अन् काकांच्या घोड्यांचं बाकी आटपेस्तोवर तो पूर्ण शुद्धीवर आला. उलटं केलं असतं तर डुलत्या घोड्यासाठी गाडी थांबवून जादा वेटिंग भरत बसलो असतो. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत चारा टाकू नका, घशात अडकतो. घोडीला डॉक्टरांनी आधी कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवून बघितलं, मऊ मातीत लंगडणं नीट कळत नाही. हाड शाबूत निघालं, खुरात पू होता, तिथंच मोकळा केला. हेच घरी झालं असतं तर अंदाजानं दुखण्याच्या गोळ्या अन् चार-चार दिवसांनी व्हिजिट.

पण हिशोब सरळ सांगतो, नुसती धनुर्वाताची वार्षिक लस किंवा जखमेची पट्टी असेल तर गाडी करू नका, घरी बोलावणंच स्वस्त पडतं, त्यातही शेजारच्यांचे घोडे एकाच दिवशी दाखवले तर व्हिजिट वाटली जाते. गाडी परवडते ती मशीनचं काम असेल अन् गाडी भरत असेल तेव्हाच. पोटशूळात आधी फोन करून डॉक्टर घरी बोलवा, घोड्याला उलटी होत नाही त्यामुळं पोट फुगलं की वेळ फार कमी असतो, ते गाडी शोधण्यात घालवू नका. पाय जमिनीला टेकतच नसेल तर चढवूच नका.

आदल्या दिवशी फोन करून एक्स-रे चालू आहे का अन् घोडे बघणारे डॉक्टर आहेत का विचारा, फळ्या परत गाडीत टाकायला विसरू नका, तिथं उतरवायला त्याच लागतात.