गिटारच्या बाजू वाकवताना: माझा अनुभव

गिटार स्वतः बनवायला घेतली तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती होती ती बाजू वाकवण्याची. ब्रेस, म्हणजे आतून चिकटवलेली आधाराची लाकडी पट्टी, चुकला तर तो काढून दुसरा चिकटवता येतो, मानेचा आकार पुन्हा तासता येतो. बाजूची पट्टी मात्र कंबरेत, म्हणजे गिटारच्या मधल्या अरुंद भागात, तडकली की जोडीच मोडते. दोन्ही पट्ट्या एकाच फळीतून लागोपाठ चिरलेल्या असतात, त्यांच्या रेषा आरशात पाहावं तशा एकमेकींना जुळतात. अशी तिसरी पट्टी मागाहून मिळत नाही.

मी शिसव निवडलं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी तेच सुचवेन. शिसव उष्णतेला पटकन दाद देतं. महोगनी त्या मानाने हट्टी, शिवाय आतल्या अंगाला तिला सुरकुत्या पडतात. लहरी रेषांचं मेपल दिसतं सुंदर, पण त्याचे धागे पृष्ठभागातून वर-खाली जात असतात आणि नेमके तिथेच तुटतात. पट्टी घेतानाच कडेने बघावं: रेषा लांबीला समांतर धावताहेत की मध्येच पट्टीबाहेर निघून जाताहेत?

लाकूड भिजवलं की वाकतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. वाकवण्याचं खरं काम उष्णता करते. लाकडाचे सेल्युलोजचे धागे लिग्निनने एकमेकांना धरलेले असतात. लाकूड ओलसर असेल तर हे लिग्निन पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास मऊ पडतं. कोरड्या लाकडात त्यासाठी बरंच जास्त तापमान लागतं. निवलं की ते पुन्हा घट्ट होतं, आणि तेव्हा पट्टी ज्या आकारात असेल तोच आकार धरून ठेवतं. म्हणजे पाणी लिग्निन लवकर मऊ करायला मदत करतं, वाफ होऊन उष्णता आत पोचवतं आणि पृष्ठभाग करपू देत नाही. त्याहून जास्त पाणी त्रासच देतं: शिसवाचा रंग सुटतो आणि पट्टी रुंदीत पन्हळासारखी वळते. म्हणून मी पट्ट्या भिजत घातल्या नाहीत. हाताशी फवारा ठेवला आणि जिथे वाकवायचं तेवढाच भाग ओला करत गेलो.

पण निम्मं यश, पट्टी ज्यावर वाकवतात तो पाइप तापवण्याआधीच ठरलेलं असतं, ते जाडीत. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २.५ मिलिमीटरची पट्टी २ मिलिमीटरच्या पट्टीपेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ असते. शिवाय वाकताना बाहेरचं अंग ताणलं जातं आणि आतलं दाबलं जातं. मऊ झालेलं लाकूड दाब भरपूर सोसतं, ताण मात्र जेमतेम एक-दोन टक्के. २ मिलिमीटरची पट्टी ७० मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर बाहेरच्या अंगाला १.४ टक्क्यांच्या आसपास ताण येतो, म्हणजे मर्यादेच्या आतच, पण अगदी काठावर. कटअवेची, म्हणजे वरच्या स्वरांपर्यंत हात पोचावा म्हणून मानेजवळ आत घेतलेल्या वळणाची, त्रिज्या २५ मिलिमीटर धरली तर हाच ताण ४ टक्के होतो. म्हणूनच तिथे बाहेरून पातळ धातूची पट्टी घट्ट धरून वाकवतात, म्हणजे ताण धातूवर जातो आणि लाकूड फक्त दाबलं जातं. माझ्या आराखड्यात कटअवे नव्हता. पट्ट्या सगळीकडे २ मिलिमीटर केल्या, कंबरेपाशी किंचित कमी, आणि जाडी मोजायचा कॅलिपर लांबीभर फिरवून तपासल्या. एखादी जागा पातळ राहिली तर सगळा बाक तिथेच गोळा होतो आणि कोपरा पडतो.

बाजू इतक्या पातळ केल्या तर आवाज बसेल, ही शंका मलाही होती. तेव्हा स्पेनचे गिटार बनवणारे कारागीर आंतोनियो दे तोरेस यांच्या १८६२ सालच्या गिटारची आठवण धीर देऊन गेली. आवाज मुख्यतः तारांखालच्या, वरच्या पाटीतून येतो हे दाखवायला त्यांनी त्या गिटारची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या.

साधन अगदी साधं: शिकंज्यात आडवा धरलेला धातूचा पाइप आणि आतून गॅसची ज्योत. पूर्ण गोल पाइपपेक्षा थोडा चपटा, अंडाकृती पाइप बरा, कारण एका अंगाला घट्ट वळण घेता येतं आणि दुसऱ्या अंगाला सैल. तापमान १५० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवलं. पाण्याचा थेंब टाकला की तो चुरचुरत जागीच आटता कामा नये, मणी होऊन पळायला लागला पाहिजे. पट्टीवर आधीच खुणा केल्या: कंबर कुठे, बाहेरचं अंग कोणतं, वरची कड कोणती. दुसऱ्या पट्टीवर त्याच खुणा उलट्या. या खुणा नसतील तर दोन्ही बाजू डाव्याच होऊ शकतात.

सुरुवात कंबरेपासून. तिथे वळण आतल्या दिशेला असल्यामुळे पट्टीचं बाहेरचं, दिसणारं अंग पाइपवर टेकतं. कंबरेच्या वरच्या आणि खालच्या फुगवट्यांना उलट, आतलं अंग टेकतं. म्हणजे करपल्याचा डाग नजरेत भरेल तो कंबरेतच. तिथे मी पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये ओलं फडकं ठेवलं.

पट्टी पाइपवर टेकवून सतत पुढे-मागे डोलवत राहायचं, हलका दाब देत. सुरुवातीला काहीच होत नाही, आणि नेमकी तेव्हाच जोर लावण्याची इच्छा होते. थांबायचं. वाफ निघते, शिसवाचा गोडसर वास येतो, आणि एका क्षणी हाताखालचा विरोध अचानक ओसरतो. तो क्षण तळहाताला अगदी स्पष्ट कळतो. मग घाई न करता वाकवायचं, ठरलेल्या आकारापेक्षा थोडं जास्त, कारण निवताना पट्टी थोडी परत उघडते. पाइपवरून काढल्यावरही काही सेकंद तशीच धरून ठेवायची.

सगळ्यात जास्त वेळ मात्र खालच्या फुगवट्याने घेतला. कंबर घट्ट असते, पण छोटी. खालचा फुगवटा लांब आणि सैल, त्यामुळे त्यात एखादी सपाट जागा राहिली तर लगेच डोळ्याला खुपते. तिथे मी एका हाताने लाकडाचा ठोकळा धरून पट्टी पाइपवर दाबली, म्हणजे दाब सगळ्या रुंदीवर सारखा बसतो, आणि दर थोड्या वेळाने नमुन्याच्या फळीशी लावून पाहिली. पट्टी पाइपशी काटकोनात नसेल तर तिला पीळ पडतो. तो डोळ्याला चटकन दिसत नाही. सपाट टेबलावर कडेवर उभी केली की एक कोपरा वर राहतो. पीळ काढायचा तर तीच जागा पुन्हा तापवून उलट दिशेला हलका मुरडा द्यायचा.

अमेरिकेतले गिटार कारागीर चार्ल्स फॉक्स यांच्या पद्धतीचं यंत्र हे सगळं साच्यावर काही मिनिटांत करतं: स्टीलच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये लाकूड आणि उष्णतेसाठी विजेवर तापणारी सिलिकोनची चादर. एकाच आकाराच्या अनेक गिटारी करायच्या तर ते यंत्र हवंच. एका गिटारीसाठी मला पाइपच पसंत, कारण प्रत्येक जागा किती ताणली गेली ते हाताला कळत राहतं.

वाकलेल्या पट्ट्या साच्यात बसवून, आतून आधार देऊन पूर्ण कोरड्या होईपर्यंत ठेवल्या. बाहेर काढल्यावर त्या जराशा उघडल्या, कंबरेपाशी जास्त. तेवढी जागा पुन्हा पाइपवर घेतली आणि मगच दोन्ही टोकं मध्यरेषेवर कापून बाजूंना आतून जोडणारे लाकडी ठोकळे चिकटवले. ठोकळे चिकटवण्याआधी पट्टी साच्याला टेकवायला बोटाचा दाब पुरला तर ठीक. क्लँपने ओढून बसवावी लागत असेल तर पाइप पुन्हा तापवायचा, कारण ओढून बसवलेली बाजू साच्यातून सुटली की तो ताण जोडांवर आणि वरच्या पाटीवर टाकते.