पहिल्याच प्रश्नावर 'नाही'

साठीपुढच्या लोकांना इंटरनेट कितपत जमतं, हे मोजायला मी चीनच्या सिच्वान प्रांतातल्या चेंगदू शहरात एका जुन्या वसाहतीत घरोघर फिरत होते. प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न होता, 'तुम्ही इंटरनेट वापरता का?' उत्तर 'नाही' आलं की मुलाखत तिथेच थांबवायची, असा नियम.

त्या आजी ७६ वर्षांच्या. सिच्वानमध्ये वयस्कर बाईला मानाने 'फोफो' म्हणतात, मीही तेच म्हणत होते. अंगणात बांबूच्या खुर्चीत बसून त्या मटार सोलत होत्या. "नाही गं पोरी, ते शिकलेल्यांचं काम." मी 'नाही'वर खूण केली. उठणार तोच त्यांचा फोन वाजला. वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर नातवाचा आवाजी निरोप होता. त्यांनी बोलूनच उत्तर दिलं, वर मटाराचा फोटोही पाठवला.

"फोफो, हे इंटरनेटच की!"

"हे? हे तर वीचॅट!"

मी परत बसले. सकाळी मंडईत त्यांनी भाजीचे पैसे कोड स्कॅन करून दिले होते, तेही त्यांच्या हिशेबी इंटरनेट नव्हतं.

पुढचं विधान होतं, 'मला हवा तो शब्द टाइप करून माहिती शोधता येते.' पाचपैकी त्यांनी स्वतःला एक गुण दिला. मी म्हटलं, रक्तदाबाबद्दल काहीतरी शोधून दाखवता का? त्यांनी चष्मा चढवला आणि बोटाने पडद्यावर दोन्ही चिनी अक्षरं भराभर काढली. टाइप केलंच नाही! चिनी टाइप करताना बहुतेक जण शब्दाचा उच्चार रोमन लिपीत लिहितात. ही पिनयिन पद्धत शाळांत आली १९५८ साली, तोवर यांची पहिली इयत्ता मागे पडली होती. शिवाय इथल्या बोलीत 'न' आणि 'ल' एकमेकांत मिसळतात. बोलीतल्या उच्चाराप्रमाणे टाइप करायला जावं तर भलतंच अक्षर समोर येतं. बोटाने लिहिणं हाच त्यांच्यासाठी सरळ रस्ता होता, आणि आमच्या विधानात त्याला जागाच नव्हती.

समोर आलेल्या यादीतली पहिली ओळ त्यांनी वाचलीही नाही. तिच्याखाली बारीक करड्या अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलेलं त्यांनी मला दाखवलं. "हा औषध विकायला बसलाय." त्याच दिवशी त्यांच्या शेजारच्या आजोबांनी स्वतःला पाचपैकी पाच गुण दिले होते, आणि करून दाखवताना नेमक्या अशाच ओळीवर बोट ठेवलं होतं.

२०२०च्या जनगणनेत चीनमध्ये साठीपुढचे लोक २६ कोटींहून अधिक होते. अशा देशात एका शब्दाच्या अर्थावरून माणूस 'न वापरणारा' ठरणार असेल, तर ते मला मोजमाप वाटत नाही.

संध्याकाळी आमच्या प्राध्यापिकेला सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न बदलला: वीचॅट, व्हिडिओ, फोनवरून पैसे देणं, असं एकेक नाव घेऊन विचारायचं. टाइप करण्याचं विधान काढून 'लिहून किंवा बोलून' केलं, आणि प्रत्येक कौशल्य शक्य तिथे त्यांच्याकडून करवून पाहायचं ठरलं.

माझ्या पिशवीत पहिल्याच प्रश्नावर संपलेले अकरा अर्ज होते. सोमवारी सकाळी मी त्यातल्या पहिल्या दारावर पुन्हा टकटक केली.