फिमेल कंडोम वापरायला शिकले तो अनुभव

कॉपर-टी बसवलेली असली की काळजी मिटली असं वाटतं, पण तिने दिवस राहत नाहीत एवढंच, परमा, गरमी, एचआयव्ही असले संबंधातून होणारे आजार काही थांबत नाहीत. मला अंगावरून जायला लागलं, वास, खाज, म्हणून सरकारी हॉस्पिटलातल्या सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे असल्याच आजारांच्या दवाखान्याला, गेले तर मॅडमनी गोळ्यांचं किट दिलं आणि म्हणाल्या नवऱ्यालाही औषध द्या, नाहीतर पुन्हा पुन्हा होत राहणार. नवरा गोळ्यांना तयार झाला, कंडोमला मात्र नाही म्हणजे नाही. मग मॅडमनीच फिमेल कंडोम सुचवला, म्हणजे बाईने आत घालायचा.

मेडिकलमधल्या पोराने आधी साधाच काढून दिला, मग आत विचारून आला आणि नाहीये म्हणाला. शेवटी ऑनलाइन. आणि पाकिटावर पत्ता कुठला, तर सिन्नर! नाशिकशेजारी बनतो, दक्षिण आफ्रिकेत जातो आणि आमच्या नाक्यावर मिळत नाही.

उघडल्यावर पहिला विचार आला की एवढं मोठं जाणार कुठे? पिशवीच्या बंद टोकाला मऊ स्पंज, उघड्या टोकाला अष्टकोनी फ्रेम. उकिडवं बसायचं, स्पंज चिमटीत दाबून आत सारायचा, मग पिशवीत बोट घालून जाईल तितका वर ढकलायचा, फ्रेम बाहेरच राहते. बुळबुळीत असतो, हातातून निसटतो, म्हणून घरात कोणी नसताना एकटीने सवय करून घ्या बायांनो, नवऱ्यासमोर पहिला प्रयोग नको. काहींमध्ये स्पंजऐवजी रिंग असते, तीही अशीच चिमटीत दाबून घालायची.

मला आवडलं ते हे की आधीच घालून ठेवता येतो, ऐनवेळी मनधरणी नाही की हुज्जत नाही. नवरा आधी हसला, मग म्हणाला बरंय, मला काहीच करायला नको. फक्त सुरुवातीला आपण हाताने वाट दाखवायची, पिशवीच्या बाजूने आत गेलं तर सगळं फुकट. त्यानेही कंडोम घातला तर डबल सेफ्टी वगैरे काही होत नाही, उलट घासून फाटू शकतो. माझा लॅटेक्सचा, त्याला खोबरेल तेल अजिबात चालत नाही, नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराच्याला चालतं.

झाल्यावर उठायच्या आधी फ्रेमला पीळ देऊन ओढायचा, कागदात गुंडाळून कचऱ्यात, संडासात नाही. दरवेळी नवा लागतो आणि साध्यापेक्षा बराच महाग पडतो, हे खरंच खटकतं. पाकिटं मी पॅडच्या पिशवीत ठेवते, तिथे सासूबाई हात घालत नाहीत.